सेमी-ऑटो शॉटगन मध्येच अडकते, दुसरा बार घेत नाही: काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

तुमची बारा बोअरची सेमी-ऑटो पहिला बार व्यवस्थित काढते आणि मग दुसऱ्या-तिसऱ्याला अडकते, रिकामं काडतूस अर्धवट लटकतं किंवा बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) उघडाच राहतो, असं वारंवार होत असेल तर हे वाचा. मी इकडे टेक्सासात राहतो, सुट्टीच्या दिवशी क्ले शूटिंगच्या (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरायच्या) रेंजवर असतो आणि ओळखीतल्या मंडळींच्या बंदुका फिरून फिरून माझ्या टेबलावर येतात, तक्रार जवळजवळ नेहमी हीच, "कधी चालते, कधी चालत नाही". आणि उघडल्यावर दिसतं काय, तर मोडलेलं सहसा काही नसतं. काजळी साचलेली असते आणि तेल जिथे नको तिथे भरपूर असतं. तेल कमी म्हणून अडकलेल्या बंदुका मी थोड्या बघितल्यात, तेल जास्त म्हणून अडकलेल्या खूप.

हे मुख्यतः गॅसवर चालणाऱ्या बंदुकांबद्दल आहे, म्हणजे रेमिंग्टन 1100 (1963 पासूनची, अजून घरोघरी सापडते), 11-87, बेरेटाच्या 390-391 वगैरे. इनर्शियावाल्या, म्हणजे गॅसऐवजी बंदुकीच्या मागे येणाऱ्या धक्क्यावर चालणाऱ्या, बेनेलीबद्दल पुढे वेगळं लिहिलंय.

आधी गॅसवाली चालते कशी ते डोक्यात ठेवा, मग पुढचं सगळं आपोआप कळतं. बार झाला की नळीच्या खालच्या बाजूला जी बारीक भोकं असतात त्यातून थोडा गॅस खाली येतो, तो मॅगझिन ट्यूबवर (नळीखालची, काडतुसं भरायची दुसरी नळी) बसवलेल्या पिस्टनला मागे ढकलतो, पिस्टन बोल्टला मागे नेतो, बोल्ट रिकामं केस, म्हणजे बार झालेल्या काडतुसाचं टरफल, ओढून बाहेर फेकतो आणि शेवटी स्प्रिंग बोल्टला परत पुढे ढकलते, जाता जाता तो नवीन काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा) घालतो. म्हणजे ढकलणारा जोर कमी पडला, किंवा वाटेत अडथळा वाढला, की बंदूक अडकली. कारणं दोनच, जागा मात्र बऱ्याच.

काहीही करण्याआधी

बंदूक रिकामी करा. मॅगझिन रिकामं, चेंबर रिकामं, डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा, कारण मॅगझिनमध्ये आत अडकून राहिलेलं काडतूस वरून दिसत नाही आणि बोल्ट हलवला की अचानक वर येतं. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, ज्या टेबलावर साफसफाई करताय तिथे एकही नको. डोळ्यांना चष्मा लावा, स्प्रिंगा उडतात. हातमोजे घाला आणि नंतर हात साबणाने धुवा, त्या काजळीत शिसं असतं. सॉल्व्हंट (काजळी विरघळवणारं द्रव) वापरताना खिडकी उघडी ठेवा. बोल्ट पुढे येतो तेव्हा बोट मध्ये ठेवू नका, नख काळंनिळं झालेले लोक मी पाहिलेत.

रेंजवर चाप ओढला आणि बार झालाच नाही तर नळी निशाणाच्याच दिशेला धरून 30 सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, फुसका बार वाटला, तर दुसरा बार अजिबात काढू नका. बंदूक रिकामी करा, नळी काढून आरपार बघा. वॅड (छऱ्यांमागची प्लास्टिकची डाटी) आत अडकलेला असेल आणि मागून दुसरा बार काढला तर नळी फुटते.

लक्षणं बघा, आणि जमिनीवर पडलेलं केस उचला

लोक बंदूक बघतात पण केस बघत नाहीत, खरं उत्तर तिथे असतं. केसच्या पितळी किंवा स्टीलच्या बुडाला जी कड असते तिथे ओरखडा असेल, कड वाकलेली किंवा फाटलेली असेल, तर एक्स्ट्रॅक्टरने (केस ओढणारा, बोल्टच्या तोंडाशी असलेला आकडा) ओढायचा प्रयत्न केला होता पण केस चेंबरला चिकटलं होतं. म्हणजे दोष चेंबरमध्ये किंवा काडतुसात. कडेवर काहीच खूण नसेल आणि केस चेंबरमध्येच राहिलं असेल तर आकडा घसरला, किंवा बोल्टला मागे यायला जोरच मिळाला नाही. केसचं तोंड चेपलेलं असेल, बोल्टमध्ये उभं अडकलं असेल, तर बोल्ट मागे आला पण पूर्ण आला नाही, जोर कमी पडला. केस नीट बाहेर पडलं, बोल्ट मागे उघडा राहिला आणि पुढचं काडतूस वरच आलं नाही, तर गॅसकडे बघू नका, मॅगझिनकडे बघा. सगळं बरोबर झालं पण बोल्ट शेवटचा अर्धा सेंटीमीटर बंद होत नाही आणि तळहाताने हाणावा लागतो, तर चेंबरमधली घाण किंवा दमलेली स्प्रिंग.

हे एकदा नोंदवून घ्या, कितव्या बाराला, कुठल्या काडतुसाने, थंडीत की उन्हात.

फुकटातलं आधी: काडतूस बदला

हे सगळ्यात सोपं आणि लोक सगळ्यात शेवटी करतात. गॅसवाली बंदूक काडतुसाच्या जोरावर चालते, बाकी तिला मोटर नाही. 24 ग्रॅमचं हलकं टार्गेट काडतूस काही बंदुका आनंदाने खातात, काही नाही खात. 32 ग्रॅमची, सेकंदाला 1,200 फुटांच्या आसपास वेगाची काडतुसं आणा, चांगल्या पितळी बुडाची, आणि त्याने चालून बघा. नीट चालली तर बंदूक मेलेली नाही, काठावर आहे, साफसफाईने बहुतेक हलकी काडतुसंही घेईल. तेच स्वस्त मोठ्या बॉक्समधल्या स्टील बुडाच्या काडतुसांचं, बऱ्याच चेंबरमध्ये ती चिकटतात, बार झाल्यावर स्टीलचं बूड फुगतं ते पितळासारखं परत आकसत नाही.

आता इथेच नळीवर काय लिहिलंय ते वाचा. 2¾ इंच म्हणजे 70 मिलिमीटर, 3 इंच म्हणजे 76. तीन इंची काडतूस पावणेतीनच्या चेंबरमध्ये आत जातं, बसतं, आणि म्हणूनच धोका आहे, कारण बार झाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. उलट बाजूने, जुन्या 1100 वर जर तीन इंची मॅग्नम नळी लावलेली असेल तर तिला गॅस कमी मिळतो, त्यावर हलकी टार्गेट काडतुसं चालणारच नाहीत, कितीही पुसा. सेकंडहँड घेतलेल्या बंदुकीत नळी बदललेली असते आणि घेणाऱ्याला माहीत नसतं, ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा बघतो.

आणि खिशात वीस बोअरची पिवळी काडतुसं आणि बाराची एकत्र कधीच ठेवू नका. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमधून पुढे सरकून नळीत बसतं, दिसत नाही, मागे बाराचं बसतं आणि मग नळी फाटते. ती पिवळी असतात ती याचसाठी.

मग तेल पुसा

हो, पुसा. फोरएंडचं (नळीखालचा, पुढच्या हाताने धरायचा भाग) झाकण काढा, फोरएंड काढा, नळी काढा आणि मॅगझिन ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला बोट लावा. बोट ओलं झालं तर तिथेच निम्मं काम आहे. पिस्टन जिथे सरकतो तिथे गरम गॅस येतो, तिथलं तेल जळून काजळीत मिसळतं आणि काळा चिकटा तयार होतो, तव्याच्या मागच्या किटणासारखा घट्ट, आणि दोन-तीन बॉक्स काडतुसं संपेपर्यंत पिस्टन त्यात रुततो. म्हणून त्या दिवशी सकाळी बंदूक छान चालते आणि दुपारी अडकते.

कोरड्या फडक्याला थोडं सॉल्व्हंट लावून ट्यूब पुसा, नायलॉनच्या ब्रशने घासा, मग कोरडी करा. काजळी हट्टी असेल तर रात्रभर सॉल्व्हंट लावून ठेवा, चाकूने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, ट्यूबवर चरा पडला की तो कायमचा अडथळा. पिस्टन आणि त्याच्या रिंगा काढताना फोनवर फोटो काढत जा, कुठली कड पुढे आणि कुठली मागे हे नंतर आठवत नाही आणि 1100 मध्ये उलटी बसवलेली पिस्टन सील म्हणजे पुन्हा तीच तक्रार. बेरेटाच्या पिस्टनच्या आत आणि सिलिंडरच्या आत दोन्हीकडे काजळी असते, आतली बाजू लोक विसरतात.

पुसून झाल्यावर तेलाचं फडकं नुसतं फिरवायचं, गंज लागू नये इतकंच, आणि परत कोरड्या फडक्याने काढायचं. हाताला लागलं तर जास्त आहे.

एक छोटीशी सूचना, खंडेनवमीला किंवा दसऱ्याला आपण शस्त्रपूजा करतो ती करावीच, पण हळद-कुंकू दस्त्याच्या लाकडावर लावा, बोल्टच्या उघड्या भागावर नको. ती पूड तेलात मिसळून आत जाते आणि नंतर काढायला फार वेळ लागतो. अक्षतांचा एखादा दाणाही मॅगझिनच्या तोंडाशी मिळालेला आहे.

1100 आणि 11-87 वाल्यांनी: ती रबरी रिंग बघा

मॅगझिन ट्यूबवर पिस्टन सीलच्या पुढे खाचेत एक रबरी ओ-रिंग असते. किंमत अगदीच किरकोळ, पण ती गेली की गॅस पिस्टनला ढकलायच्या ऐवजी पुढून निसटतो आणि बंदूक एकेरी होऊन बसते, प्रत्येक बारानंतर बोल्ट हाताने ओढावा लागतो. नुसतं बघून कळत नाही. काढा, दोन बोटांत धरून हळूच ताणा, उजेडाकडे करा. चीर असेल तर केसाएवढी बारीक रेघ उघडताना दिसते. चपटी झाली असेल, कडक झाली असेल, तरी बदला. बदलताना ट्यूबच्या तोंडावरून अलगद सरकवा, धारदार वस्तूने ढकलू नका, आणि कडक सॉल्व्हंटात बुडवू नका, रबर फुगतं. व्हिटॉनची मिळाली तर ती घ्या, उष्णता जास्त सहन करते. दोन जास्तीच्या रिंगा बंदुकीच्या बॅगेत कायम टाकून ठेवा.

माझ्या टेबलावरच्या कितीतरी 1100 या एका रिंगेवर घरी परत गेल्यात.

गॅसची भोकं

नळीच्या खाली जी रिंग असते तिच्या आत बघा, भोक दिसेल, एक किंवा दोन. काजळीने त्याचा घेर कमी होतो. पाईप क्लीनर सॉल्व्हंटमध्ये बुडवून आरपार फिरवा, नाहीतर भोकापेक्षा बारीक मऊ तार. मग नळीत आतून फडकं फिरवा म्हणजे आत पडलेली घाण निघेल. ड्रिल मशीन लावायचं नाही. भोक थोडं मोठं करून बंदूक चालवायचा सल्ला बरेच जण देतात, चालते पण, काही दिवस. मग जड काडतुसांना बोल्ट इतक्या जोरात मागे आपटतो की आतले भाग आणि फोरएंड तडकतात, आणि मोठं केलेलं भोक परत लहान होत नाही.

चेंबर, जे कुणीच घासत नाही

नळीचा ब्रश आत-बाहेर केला की चेंबर साफ झालं असं वाटतं. तसं नाही. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास आणि चेंबरचा वीसच्या वर, त्यामुळे नळीचा ब्रश चेंबरच्या भिंतीला नीट टेकतच नाही. वर प्रत्येक बाराला काडतुसाचं प्लास्टिक थोडं थोडं तिथे वितळून बसतं, नुसत्या डोळ्यांना चमकदारच दिसतं. चेंबरचा वेगळा जाड ब्रश मिळतो, तो सॉल्व्हंट लावून गोल फिरवा, पुढे-मागे नाही, गोल. मग फडकं. बदकांच्या शिकारीला दलदलीत नेलेली बंदूक असेल तर तिथे गंजाचे बारीक ठिपके असतात, बोट फिरवलं की खरखर लागते. हलका गंज ब्रशने जातो. खड्डे पडले असतील तर थांबा, तो गनस्मिथचा (बंदुका दुरुस्त करणाऱ्याचा) विषय.

आणि चेंबर शेवटी पूर्ण कोरडं. तेल अजिबात नको. बार झाल्यावर केस चेंबरच्या भिंतीला घट्ट धरून राहतं आणि मागचा ताण वाटून घेतं, तेल असेल तर ते घसरतं आणि सगळा मार बोल्टवर जातो.

चोक (नळीच्या तोंडात आट्यांनी बसणारी छोटी नळी) काढून आटे पुसून थोडं ग्रीस लावून परत बसवा, त्याचा अडकण्याशी संबंध नाही पण बंदूक उघडलीच आहे तर करून टाका.

एक्स्ट्रॅक्टर आणि मॅगझिन

बोल्टच्या तोंडाशी जो आकडा आहे त्याच्या खाली काजळी आणि पितळेचा कीस भरतो. टूथपिक घाला, बाहेर काय येतं बघा. बोटाने आकडा बाजूला दाबून सोडा, टचकन परत आला पाहिजे, आळसावून आला तर स्प्रिंग किंवा घाण. आकड्याची धार गोल झाली असेल तर नवीनच टाका, कानस लावून धार करत बसू नका.

पुढचं काडतूस वर येत नसेल तर मॅगझिनची स्प्रिंग बाहेर काढा (झाकण सोडताना तोंड बाजूला, ती उडते) आणि ट्यूबच्या आतून फडकं फिरवा. इकडे स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला बंदुकीत तीनच काडतुसं चालतात, हा नियम 1935 पासूनचा, त्यासाठी मॅगझिनमध्ये लाकडी किंवा प्लास्टिकची काठी घातलेली असते. ती लाकडी काठी पाण्याने फुगून स्प्रिंगला घासते, काढून बघा. आतून मॅगझिनला तेल नको, धूळ धरते.

ट्रिगर ग्रुप (चाप आणि घोड्याचा सगळा जोड) एक किंवा दोन पिना काढून एकसंध बाहेर येतो, तो तसाच ठेवा, सुटा करू नका. बाहेर असताना चाप ओढून घोडा आपटू द्यायचा नाही, धक्का ज्याने झेलायचा तो बोल्ट समोर नसतो. सॉल्व्हंटचा फवारा, हवेचा झोत, वाळू द्या, आणि फिरणाऱ्या पिनांवर एकेक थेंब तेल. बस.

मग तेल लावायचं कुठे

बोल्ट ज्या खाचांत सरकतो तिथे, ॲक्शन बार (पिस्टनचा धक्का बोल्टपर्यंत नेणाऱ्या पट्ट्या) रिसीव्हरला, म्हणजे बंदुकीच्या मधल्या धातूच्या पेटीला, जिथे घासतात तिथे, आणि बोल्टच्या लॉकिंग ब्लॉकवर (बंद बोल्टला जागी धरणारा ठोकळा). या जागांवर जुन्या बंदुकीत रंग उडून धातू चकाकतो, त्या चकाकीवर लावा, बाकी सोडा. पातळ थर. डब्ल्यूडी-40 चिकटा सोडवायला वापरलात तर ठीक पण वंगण म्हणून तो सोडू नका, उडून जातो आणि मागे पातळ गोंदासारखा थर राहतो. घरातलं शिलाई मशीनचं तेल वेळेला चालेल, खोबरेल आणि गोडं तेल कधीच नको, ते घट्ट होतं. उत्तरेकडे मिनेसोटा-विस्कॉन्सिनला राहणाऱ्यांनी थंडीत तेल आणखी कमी करा, गोठणबिंदूच्या खाली साधं तेल घट्ट होऊन बोल्टचा वेग मारतं.

नवीन बंदुकीला कारखान्यातलं गंजरोधक ग्रीस लावलेलं असतं, ते आधी पूर्ण काढा आणि सुरुवातीचे काही बॉक्स जड काडतुसांचे काढा. मगच तक्रार करा.

शेवटची घरगुती तपासणी: मागची स्प्रिंग

1100, 390-391 आणि बेनेली एम-2 मध्ये बोल्टला पुढे ढकलणारी स्प्रिंग दस्त्याच्या आत नळकांड्यात असते, म्हणून ती वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. पावसात भिजलेली बंदूक उभी ठेवली की पाणी आणि ओघळलेलं जास्तीचं तेल तिथेच उतरतं. रिकामी बंदूक तोंड वर करून धरा, बोल्ट मागे ओढून सोडा, तो वजनाच्या विरुद्ध जाऊन पूर्ण बंद झाला पाहिजे. वाटेत थांबला तर तिथे घाण किंवा दमलेली स्प्रिंग. दस्ता काढायला लांब स्क्रू ड्रायव्हर लागतो आणि आतली स्प्रिंग दाबलेली असते, डोळ्यावर आली तर डोळा जातो. पूर्वी कधी उघडलेलं असेल आणि तुमच्या बंदुकीचं मॅन्युअल समोर असेल तर करा, नाहीतर इथेच थांबा, गनस्मिथला हे अर्ध्या तासाचं काम आहे.

बेनेलीवाल्यांसाठी

इनर्शिया बंदुकीत गॅसची भोकं नाहीत, पिस्टन नाही, त्यामुळे वरचं निम्मं तुम्हाला लागू नाही. ती मागे येणाऱ्या धक्क्यावर चालते, म्हणून खांद्याला नीट टेकवायची पण मागे सरकायला वाव ठेवायचा. हलकी काडतुसं आणि बंदुकीला वजनदार सामान लावलेलं, हे जमत नाही. चाप ओढल्यावर नुसता टक आवाज येतो आणि बार होत नाही, तो बहुतेक वेळा बोल्टचं तोंड पूर्ण फिरून लॉक झालेलं नसल्यामुळे. बोल्ट हळू हाताने बंद केला, किंवा बंदूक खाली आपटताना बोल्ट किंचित मागे सरकला, की होतं. पुन्हा पूर्ण उघडून सोडा. साफ करून, चांगलं काडतूस घालूनही होत राहिलं तर मागची स्प्रिंग बघून घ्या.

आता हात कधी काढून घ्यायचा

एकदा चाप ओढल्यावर दोन बार झाले, किंवा बोल्ट बंद होतानाच बार झाला, किंवा सेफ्टी लावलेली असताना चाप लागला, तर त्या क्षणी बंदूक रिकामी करून तिच्या पेटीत, पुन्हा एकही बार नाही. नळीवर कुठे फुगवटा दिसला, चेंबरमध्ये खड्डे, बोल्टला किंवा लॉकिंग ब्लॉकला तडा, बारीक रेघसुद्धा, तरी तेच. लिंक (बोल्टला मागच्या स्प्रिंगशी जोडणारी पट्टी) वाकलेली, ट्रिगरच्या आतलं काही झिजलेलं, हेही घरी नाही. आणि वरचं सगळं क्रमाने करून, चांगल्या काडतुसांनीही तसंच अडकत असेल तर भाग बदलून बदलून अंदाज करत बसू नका, त्यात गनस्मिथच्या फीपेक्षा जास्त पैसे जातात.

साफ करून परत रेंजवर नेलीत तर लगेच मॅगझिन भरू नका. आधी एक काडतूस, केस नीट पडतं का, बोल्ट मागे थांबतो का. मग दोन. मग पूर्ण. गनस्मिथकडे नेताना बंदुकीबरोबर ज्याने अडकते त्या काडतुसांच्या बॉक्सचं झाकण आणि अडकलेली चार-पाच रिकामी केसं पिशवीत घालून द्या, कितव्या बाराला काय झालं ते कागदावर लिहून द्या, आणि बंदूक साफ न करता द्या, काजळी कुठे साचलीय ते त्यालाही बघायचं असतं.